हळदीचें सत्त्व आणि शेतकऱ्याचा कांटा

वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर तालुक्यांत वायगांव (हळद्या) या नांवाचें गांव आहे. गांवाच्या नांवासच हळद चिकटावी इतकी त्याची व या पिकाची संगत जुनी आहे. येथील हळदीस २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. म्हणजे वायगांवची हळद हें नांव कोणीही भलत्या मालावर लावूं नये असा कायद्याचा आधार आपल्या हातीं आला. पुढें सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं व हिंगोली जिल्ह्यांतील वसमतच्या हळदीस २०२४ सालीं अशीच नोंद मिळाली. नोंद होणें ही गौरवाची गोष्ट खरी. परंतु ज्या गुणासाठीं हें नांव झालें तो गुण मालांत टिकतो कोठें, नाहींसा होतो कोठें, आणि त्याचा मोबदला शेतकऱ्याच्या पदरांत कां पडत नाहीं, याचा विचार आपल्या मंडळींत व्हावा तितका होत नाहीं. तो व्हावा या हेतूनें हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

महसुलाच्या दप्तरांत आम्हीं बरींच वर्षें घालविलीं. सातबाराच्या उताऱ्यावर गट क्रमांक, क्षेत्र, पिकाचें नांव, पाण्याचें साधन या सर्वांस रकाने आहेत. हळद किती आर जमिनींत लावली तें लिहितां येतें. त्या हळदींत सत्त्व किती उतरलें यास रकाना नाहीं, आणि दप्तराचें तें कामही नव्हे. परंतु बाजारांतील चिठ्ठीवरही बहुधा पोतीं, वजन, दर व कापलेली हमाली-तोलाई यांखेरीज दुसरें कांहीं नसतें. जें कोठेंच लिहिलें जात नाहीं त्याचा मोबदला मागतां येत नाहीं; हा जसा दप्तराचा नियम तसाच बाजाराचाही होय. उलट ज्या कारखान्यांत हळदीचा अर्क काढतात तेथें मालाची किंमत त्यांतील सत्त्वावर ठरते. विकणारा वजन विकतो आणि अखेरचा घेणारा सत्त्व घेतो. या दोहोंच्या मधल्या अंतरांत जो नफा आहे तो कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

हळदींत असतें काय

वाळलेल्या हळदीचा मोठा भाग पिठूळ पदार्थाचा, म्हणजे स्टार्चचा असतो. त्याशिवाय तींत तंतु, पाणी, शेंकडा ३ ते ७ उडतें तेल, आणि पिवळें सत्त्व असतें. या सत्त्वास कर्क्युमिन म्हणतात. १८१५ सालीं व्होगेल व पेल्तिए या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं तें प्रथम वेगळें काढलें. त्याची आंतील घडण मात्र १९१० सालीं, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनीं, निश्चित झाली. वास्तविक हें एकच द्रव्य नसून तीन भावंडें आहेत. थोरलें कर्क्युमिन प्रमाणानें सर्वांत अधिक, आणि बाकीचीं दोन घडणीनें त्याहून किंचित् उणीं. व्यवहारांत तिघांसही मिळून कर्क्युमिन म्हणण्याची रीत आहे, व आम्हीही येथें तीच पाळीत आहों.

सामान्य हळदींत हें सत्त्व शेंकडा २ ते ५ असतें. वायगांवच्या हळदीची ख्याति शेंकडा ६ च्या आसपास सत्त्व असण्याची आहे. मेघालयांतील जयंतिया टेंकड्यांवरची लाकाडोंग हळद ७ च्या घरांत जाते. कोळिकोड येथील मसाला पिकांच्या केंद्रीय संशोधन संस्थेनें निवडलेले प्रभा व प्रतिभा हे वाणही ६ च्या वर सांगितले जातात. म्हणजे वायगांवचा शेतकरी या शर्यतींत मागें नाहीं. उलट ज्या मालासाठीं इतर प्रांतांत नवे वाण शोधावे लागतात तो माल त्याच्या वडिलोपार्जित बेण्यांतच आहे.

हें सत्त्व स्वभावानें कसें आहे तें कळण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. स्वयंपाकघर आणि धुणें एवढें पुरे. पाण्यांत हळद टाकली तर ढवळीत असेपर्यंत पाणी पिवळें दिसतें, मग ती तळाशीं बसते. फोडणीच्या तेलांत टाकली कीं तेल क्षणांत पिवळेंधमक होतें. यावरून सत्त्व पाण्यांत विरघळत नाहीं, तेलांत विरघळतें हें कळतें. मद्यार्कांत तें याहूनही चांगलें विरघळतें. धोतरावर पडलेल्या हळदीच्या डागास साबण लागला कीं डाग लाल होतो. हळदीस चुना किंवा टांकणखार लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. म्हणजे क्षाराशीं गांठ पडली कीं सत्त्वाचें रूप पालटतें, आणि तो सहवास लांबला तर तें नाशही पावतें. तोच डाग धुऊन दोन दिवस उन्हांत टाकला कीं दिसेनासा होतो. म्हणजे प्रकाशांत सत्त्व विरून जातें.

चौथी गोष्ट उष्णतेची. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं २००७ सालीं स्वयंपाकाच्या रीतीनें हळद शिजवून पाहिली. तेव्हां शेंकडा २७ ते ५३ इतकें कर्क्युमिन कमी झालेलें आढळलें, आणि सर्वांत अधिक तूट दाबाच्या भांड्यांत दहा मिनिटें शिजविलें असतां आली. चिंच घातली असतां तीच तूट १२ ते ३० वर राहिली. आंबटानें राखलें व क्षारानें घालविलें, असा हा स्वभाव आहे. हे आंकडे पूड केलेल्या हळदीचे आहेत. सालीसकट शिजणाऱ्या अखंड कंदास ते जसेच्या तसे लावतां येणार नाहींत. तथापि अधिक आंच व अधिक वेळ म्हणजे अधिक तोटा, ही दिशा त्यांवरून स्पष्ट होते.

कढई आणि खळें

अर्क काढण्याचें काम कारखान्यांत सुरू होतें अशी समजूत आहे. आमच्या मतें तें शेतांतच सुरू होतें. पाला पिवळा पडून वाळला म्हणजे पीक तयार झालें असें समजावें. घाईनें कोंवळा कंद काढल्यास त्यांत पाणी अधिक असून वाळल्यावर घट फार येते. पक्व कंदांतही शंभर किलो ओल्या हळदीची वीसेक किलोच सुकी हळद पदरीं पडते. काढणीनंतर दोन-तीन दिवसांच्या आंत शिजवणी उरकावी. गड्डे आणि हळकुंडें निरनिराळीं शिजवावींत, कारण दोहोंची जाडी सारखी नाहीं. एकत्र घातल्यास गड्डा शिजेपर्यंत हळकुंड नको तितकें शिजतें.

शिजविण्याचा हेतु काय हें समजून घेतलें म्हणजे कोठें थांबावें हेंही समजतें. शिजल्यानें कंदाचा कोंब मरतो, आंतील पीठ चिकट होऊन हळकुंड भरीव व कठीण वाळतें, रंग सर्वत्र सारखा पसरतो, आणि वाळवणीस दिवस कमी लागतात. एवढें साधलें कीं काम झालें. उकळत्या पाण्यांत यास पाऊण तास ते तासभर लागतो. फेस येऊन पांढरी वाफ निघूं लागली, हळदीचा ठराविक वास सुटला आणि बोथट काडी कंदांत सहज शिरली, कीं आंच काढावी. कमी शिजलेलें हळकुंड ठिसूळ होतें, जास्त शिजलेल्याचा रंग बिघडतो. कढईपाशीं बसून गप्पांत गेलेला अर्धा तास शेतकऱ्यास फुकटचा वाटतो. परंतु तो सत्त्वाच्या खात्यांतून कापला जातो. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं वाफेवर शिजविण्याचीं यंत्रें भाड्यानें मिळतात. त्यांत पाणी व जळण वांचतें, आणि प्रत्येक घाणा सारखा शिजविणें सोपें जातें. मात्र तेथेंही घड्याळ हातीं असावें.

रंग खुलावा म्हणून कढईंत सोडा किंवा चुना टाकण्याची चाल कोठें कोठें आहे. कुंकवाचा दाखला वर दिलाच आहे. क्षारानें हळद तांबूस दिसते आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांस बरी वाटते. परंतु जें सत्त्व विकावयाचें त्याच्यावरच हा प्रयोग होतो. अर्कासाठीं माल करणाऱ्यानें ही चाल सोडून द्यावी हें बरें.

वाळवणीस दहा ते पंधरा दिवस लागतात. दोन-तीन इंच जाडीच्या थरांत हळद पसरावी, पक्क्या खळ्यावर किंवा चटईवर पसरावी, आणि रात्रीं झांकून ठेवावी. उघड्या मातीवर पसरलेली हळद माती घेते, आणि दंवांत भिजलेली बुरशी घेते. यंत्रानें वाळवावयाची असल्यास उष्णता ६० अंशांच्या वर नेऊं नये. हळकुंडाच्या अंगावरची साल आंतल्या सत्त्वाचें उन्हापासून रक्षण करते. म्हणून केवळ अर्कासाठीं कच्च्या कंदाच्या चकत्या करून वाळवीत असल्यास त्या सावलींत किंवा झांकलेल्या यंत्रांत वाळवाव्यात. साल गेली, कापलेलें अंग उघडें पडलें, आणि वर वैशाखाचें ऊन लागलें, म्हणजे धोतरावरच्या डागाची जी गत तीच चकतीची. चकती लवकर वाळते व शिजवणीचा खर्च वांचतो हें खरें. पण ती हळकुंडाच्या बाजारांत खपत नाहीं. तेव्हां घेणारा आधीं ठरवावा आणि मगच सुरी हातीं घ्यावी.

साठवणीबद्दल सांगलीजवळच्या हरिपूरकडे पाहावें. तेथें जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद वर्षानुवर्षें ठेवीत. आंत अंधार, कोरडेपणा आणि हवेचा शिरकाव नाहीं. सत्त्व राखण्यास याहून निराळें काय पाहिजे? २००५ च्या महापुरानें त्यांतील पुष्कळ पेवांची हानि झाली, पण तत्त्व बुडालें नाहीं. आपल्याकडे पेवें नसलीं तरी कोरडी, अंधारी कोठी आणि जमिनीपासून उंच फळीवर रचलेलीं पोतीं एवढें तर प्रत्येकास करतां येईल. दळण मात्र विक्रीच्या आधीं थोडे दिवसच करावें. अखंड हळकुंडापेक्षां पुडीचें अंग प्रकाशास व हवेस कैकपट उघडें असतें.

अर्क निघतो कसा

आतां कारखान्याची कृति पाहूं. वाळलेली हळद प्रथम भरड दळतात. फार जाड ठेवली तर द्रव आंत पोंचत नाहीं. फार बारीक केली तर पीठ थिजून द्रवाची वाट बंद होते. मग त्या भरडीवरून मद्यार्क, ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेट यांसारखा द्रव नेतात. द्रव सत्त्व व तेल घेऊन बाहेर येतो, पीठ व तंतु मागें राहतात. पुढें द्रव ऊर्ध्वपातनानें उडवून पुन्हां वापरासाठीं गोळा करतात, आणि खालीं दाट, तांबूस-पिवळा राळेसारखा अर्क उरतो. यास ओलिओरेझिन म्हणतात. त्यांत शेंकडा ३० ते ५५ कर्क्युमिन असूं शकतें. त्यावर पुन्हां योग्य द्रव घालून थंड केल्यास सत्त्वाचे स्फटिक खालीं बसतात. ते गाळून, धुऊन व वाळवून शेंकडा ९५ शुद्ध म्हणून विकतात.

यांत अधिकांत अधिक सत्त्व काढण्याची जी युक्ति आहे ती भांडें विसळणाऱ्या प्रत्येक बाईस ठाऊक आहे. ताकाचें भांडें एक तांब्याभर पाण्यानें एकदां विसळण्यापेक्षां तेंच पाणी तीन वेळां थोडें थोडें घेऊन विसळलें तर अधिक स्वच्छ होतें. हिशेबानें पाहूं. समजा, सर्व द्रव एकदम घातला असतां सत्त्वाचे चार भाग द्रवांत येतात व एक भाग भरडींत राहतो. म्हणजे शंभरांतले २० मागें राहिले. तोच द्रव दोन हिश्श्यांनीं घातला तर प्रत्येक वेळीं दोन भाग येतात व एक राहतो. पहिल्यानें तिसरा हिस्सा उरला, दुसऱ्यानें त्याचाही तिसरा, म्हणजे शंभरांतले ११ मागें राहिले. चार हिश्श्यांनीं घातला तर दर खेपेस निम्मे उरून अखेर ६ च मागें राहतात. द्रवाचा एक थेंबही अधिक लागला नाहीं. मोठ्या कारखान्यांत अशीं भांडीं एका रांगेंत लावून नवा द्रव जवळजवळ रिकाम्या झालेल्या भरडीवर व सत्त्वानें जड झालेला द्रव ताज्या भरडीवर सोडतात. त्यांत हीच युक्ति पूर्णतेस नेलेली असते.

उष्णता वाढविली तर अर्क लवकर उतरतो. पण फार वाढविली व फार वेळ ठेवली तर उतरलेलें सत्त्वच बिघडूं लागतें. ध्वनिलहरींनीं किंवा सूक्ष्म विद्युत्-लहरींनीं थोड्या वेळांत अर्क काढण्याच्या रीतीही आतां निघाल्या आहेत. दाबाखालील कर्बवायूनें हळदीचें तेल सुरेख निघतें, परंतु कर्क्युमिन त्यास सहजासहजीं दाद देत नाहीं. सोबत थोडा मद्यार्क द्यावा लागतो. अमुक एक रीत सर्वोत्तम असें कोणीही सांगूं नये. द्रव, भरड, आंच, वेळ व खेपा या पांचांचा मेळ मालागणिक बसवावा लागतो, आणि शेवटचे दोन टक्के काढण्यास पहिल्या ऐंशींइतका खर्च येत असेल तर ते भरडींतच राहूं देणें शहाणपणाचें होय.

येथें एक इशारा अवश्य आहे. मद्यार्क व ॲसिटोन हे द्रव ठिणगीसरशीं पेट घेतात. घरच्या चुलीवर किंवा गोठ्याच्या पडवींत हा प्रयोग कोणीही करूं नये. शिवाय मद्यार्क बाळगण्यास राज्यांत सर्वत्र परवाना लागतो, आणि आपला जिल्हा तर दारूबंदीचा जिल्हा आहे. शेतकऱ्याच्या हातीं निर्धोकपणें येण्यासारखें काम म्हणजे स्वच्छ शिजवणी, वाळवणी, दळण, आणि फार तर हळदीच्या पानांचें तेल वाफेनें काढणें. बाकीचें काम परवाना व जाणकार मनुष्य असलेल्या कारखान्यानें करावें.

जमाखर्च

कारखानदार आपल्या यंत्रावर लाखों रुपये ओततो तो थोडें अधिक सत्त्व काढण्यासाठीं. तेंच काम शेतकरी किती खर्चांत करूं शकतो तें पाहूं. खालील आंकडे केवळ समजुतीसाठीं धरले आहेत.

ताज्या कंदांतील सत्त्व १०० धरा. शिजवणी, वाळवणी व साठवण या तीन ठिकाणीं प्रत्येकीं दहावा हिस्सा गेला, तर १०० चे ९०, ९० चे ८१ आणि ८१ चे ७३ राहिले. कारखान्यानें त्यांतून शेंकडा ८५ काढले तर हातीं आले ६२. आतां कारखान्यानें भारी यंत्र आणून ८५ चे ९५ केले, तरी ७३ पैकीं ६९ च निघतील. याउलट यंत्र जुनेंच राहूं द्या, आणि शेतकऱ्यानें तिन्ही ठिकाणची गळती दहाव्यावरून विसाव्या हिश्श्यावर आणली असें धरा. तर ८६ शिल्लक राहून जुन्याच यंत्रानें ७३ निघतील. भारी यंत्रानें ६९, आणि घड्याळ, चटई व अंधारी कोठी यांनीं ७३. जें आधींच नष्ट झालें तें कोणतेंही यंत्र परत आणूं शकत नाहीं.

दुसरा हिशेब वाणाचा. एका शेतांत पहिल्या वाणाची २० क्विंटल सुकी हळद शेंकडा साडेतीन सत्त्वाची निघाली, तर तींत ७० किलो सत्त्व झालें. त्याच शेतांत दुसऱ्या वाणाची १५ च क्विंटल, पण शेंकडा ६ सत्त्वाची निघाली, तर ९० किलो झालें. वजनाच्या बाजारांत पहिला शेतकरी जिंकतो व दुसरा हरतो; सत्त्वाच्या बाजारांत उलट होतें. दुसरा शेतकरी दरवर्षीं असा हरूं लागला तर तो एक दिवस आपलें बेणें टाकून वजनाचें बेणें आणील, आणि त्यास दोष देतां येणार नाहीं. मग नोंदींत नांव राहील, आणि त्या नांवाची हळद शेतांतून नाहींशी होईल. या पिकास आज खरी भीति आहे ती हीच.

रंगाचा मोह आणि अर्काची मर्यादा

सत्त्व मोजलें नाहीं म्हणजे डोळा मोजूं लागतो, आणि डोळा सहज फसतो. बांगलादेशांत हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळीत असत. २०१९ सालीं संशोधकांनीं हें उघडकीस आणलें, आणि लोकांच्या रक्तांतील शिसें याच हळदींतून येतें हेंही दाखविलें. सरकारनें त्याच वर्षीं दंड व तपासणीचा बडगा उगारला, आणि २०२१ पर्यंत तेथील बाजाराच्या नमुन्यांतून हा रंग नाहींसा झाला. आपल्या देशांतही हा रंग घालण्यास कायद्यानें सक्त मनाई आहे. जेथें दर रंगावर ठरतो तेथें रंग चोळणारा निघतोच. जेथें दर परीक्षेवर ठरतो तेथें रंगाचा उपयोग उरत नाहीं.

अर्काच्या बाबतींतही विवेक पाहिजे. नुसतें कर्क्युमिन पोटांत घेतलें तर रक्तांत फार थोडें उतरतें. १९९८ सालीं बंगळूर येथील संशोधकांनीं मिऱ्यांतील पिपरिन सोबत देऊन पाहिलें तेव्हां माणसांत हें प्रमाण वीसपट वाढलें. परंतु अधिक उतरणें म्हणजे अधिक हितकर असें नाहीं. २०१९ सालीं इटलींत हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या कांहीं लोकांस यकृताचा दाह झाल्याच्या नोंदी झाल्या, आणि तेथील सरकारनें सावधगिरीच्या सूचना काढल्या. आमटींतली चिमूटभर हळद निराळी आणि शेंकडा ९५ ची गोळी निराळी. आपला माल उत्तम आहे हें सांगावें. तो सर्व रोगांवर रामबाण आहे असें आपण सांगूं नये, व दुसऱ्यानें सांगितलें तर मान डोलावूं नये.

लिहून ठेवलेल्या गोष्टीचें मोल किती असतें याचें उदाहरण हळदीच्याच इतिहासांत आहे. १९९५ सालीं अमेरिकेंत हळदीनें जखम भरून काढण्याच्या उपायाचें पेटंट देण्यांत आलें. जी गोष्ट आपल्या घरची आजी करीत आली तिची मालकी परक्याच्या नांवें लागली. डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनें त्यास हरकत घेतली, जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल मांडले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. आपल्या लोकांस हें पूर्वीपासून ठाऊक आहे, एवढ्या तोंडी बोलण्यावर तें रद्द झालें नाहीं; कागदावर झालें.

आतां करावें काय

वर्धा हें या विचारास अनुकूल स्थान आहे. डिसेंबर १९३४ मध्यें गांधीजींच्या प्रेरणेनें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचें ठाणें वर्ध्यांत मगनवाडीस पडलें, जे. सी. कुमारप्पा यांनीं त्याचा कारभार पाहिला. गांवांत पिकलेल्या मालावरची पुढील मेहनत शक्य तेथवर गांवांतच व्हावी, हा त्या संघाचा आग्रह होता. त्याच मगनवाडींत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, आणि तींत जैवप्रक्रिया व वनौषधि यांचा स्वतंत्र विभाग आहे. हळदीच्या गांवांस सल्ला विचारण्यास फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

सत्त्वाची परीक्षा ही गूढ वस्तु नव्हे. ठराविक वजनाची पूड मद्यार्कांत उकळून गाळतात, आणि त्या द्रवाचा पिवळेपणा ४२५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींवर यंत्रानें मोजतात. म्हणजे ती लहान प्रमाणावर अर्क काढण्याचीच कृति आहे. मेख आहे ती नमुन्यांत. वरच्या पोत्यांतून निवडून उचललेलीं चार देखणीं हळकुंडें म्हणजे नमुना नव्हे. प्रत्येक पोत्याच्या तोंडांतून, मध्यांतून व तळांतून मूठ मूठ काढावी, सर्व एकत्र दळावें, आणि त्यांतून परीक्षेचा वांटा घ्यावा. आर्द्रताही त्याच वेळीं पाहून घ्यावी, कारण दर ठरवितांना सत्त्व कोरड्या वजनावरच धरलें पाहिजे. नाहीं तर एकानें ओली हळद आणून दुसऱ्याच्या कोरड्या हळदीस कमी दाखविल्यासारखें होईल.

एकट्या शेतकऱ्यास हा खर्च जड जाईल. गटास जाणार नाहीं. आमची सूचना अशी कीं, येत्या हंगामांत प्रत्येक गांवच्या हळद उत्पादकांनीं आपले ढीग सरमिसळ न करतां वाण व शिजवणीची तारीख यांप्रमाणें वेगळे ठेवावेत. कढईपाशीं एक वही असावी. तींत घाणा केव्हां चढला व केव्हां उतरला, वाळवणीस किती दिवस लागले, हें लिहावें. ढिगाची परीक्षा करून घेऊन आलेला आंकडा त्याच वहींत त्याच ओळींत लिहावा. दोन हंगामांत कोणाची रीत सत्त्व राखते आणि कोणाची घालविते तें वहीच सांगेल. वादाचें कारण उरणार नाहीं. ज्या ढिगांचा आंकडा चढता आला त्यांतलेंच बेणें पुढील लागवडीसाठीं राखावें. आणि विक्रीच्या वेळीं अर्क काढणाऱ्या दोन-तीन कारखान्यांकडे नमुना व आंकडा एकदमच पाठवून, सत्त्वाच्या प्रत्येक टक्क्यामागें दर काय देतां असें लेखी विचारावें.

पहिल्या वर्षीं सर्वच घेणारे कबूल होतील असें नाहीं. मध्यस्थ हंसतील, आणि कांहीं घेणारे आंकडा पाहूनही वजनाचाच दर देतील. पण एकानें जरी टक्क्यामागें दर दिला तरी दुसऱ्यास तो ऐकावा लागेल. तोंवर आपल्या गटानें स्वतःच्या विक्रीच्या चिठ्ठीवर वजन, आर्द्रता आणि सत्त्व असे तीन रकाने आंखून घ्यावेत, आणि ते भरल्याखेरीज कोणाचेंही पोतें कोठीबाहेर काढूं नये.